देवीच्या नावावरची स्टेशन वॅगन

टिळकवाडी, बेळगाव
६ नोव्हेंबर २०२४

शिरंगाळी गावात पिठाच्या गिरणीमागे, फणसाखाली उभ्या असलेल्या गाडीचे मालक यांस,

नमस्कार. आपलं नाव ठाऊक नसल्याने पत्ता असा लिहावा लागला. मी शरच्चंद्र चव्हाण. बेळगावच्या कोर्टात अडतीस वर्षं वकिली केली, आता नावापुरता जातो. परवा गोव्याहून येताना तुमच्या गावाजवळ आमच्या गाडीचा टायर बसला. चालक चाक बदलत होता, तोवर मी एका अपरिहार्य कारणासाठी गिरणीच्या मागे गेलो. कारण तसंच राहिलं. समोर अॅम्बॅसेडर स्टेशन वॅगन उभी होती.

ही गाडी मी शेवटची पाहिली त्याला तीस वर्षं झाली असतील. मागे लांबलचक, शेवटपर्यंत काचाच काचा, मागचं दार वर उघडणारं. टपावर दोडक्याचा वेल आहे आणि त्याला दोडके लागले आहेत. चारही चाकं मातीत रुतली आहेत. पण पत्रा कुजलेला नाही आणि काचा सगळ्या शाबूत आहेत. मी बोटांनी वाजवून पाहिलं.

मला जुन्या वस्तूंचा नाद आहे. गाडी विकत घेण्याची इच्छा आहे. उत्तर कृपया वकिलांच्या खोलीच्या पत्त्यावर पाठवावं. घरी नको.

आपला,
शरच्चंद्र चव्हाण

ता. क. दोडके काढले नाहीत तर निबर होतील.

---

शिरंगाळी
१५ नोव्हेंबर

वकीलसाब,

रामराम. तुमचं पत्र कणकुंबी गाडीच्या कंडक्टरनं आणून दिलं. गावात फोनची रेंज न्हाय. फनसावर चढलं तर गोव्याची येती, पर मला आता चढवत न्हाय. तवा पत्रच बरं.

मी भरमू गावडे. गिरन माझी हाय. गाडी माझी न्हाय. गाडी देवीची हाय.

येडा म्हनू नका. आमच्या लक्ष्मीची यात्रा पंचवीस वर्सांनी एकदा असती. मागच्या यात्रेला रथाचा आस मोडला. देवी रस्त्यात. तितं एक लाकडाचा व्यापारी आलता ही गाडी घिऊन, नारळ फोडायला. आम्ही देवीला त्याच्या गाडीत बसवली, गावभर फिरवली, देवळापाशी आनली. आनि देवी उतरंना.

म्हंजे कौल लावला. उजवं फूल पडलं तर उतरती. पडलंच न्हाय. तीन डाव लावला. डावं, डावं, डावं. व्यापारी भला मानूस. हात जोडले आनि बसनं घरला गेला. म्हैन्यानं कागद करून दिले. कागदावर मालकाचं नाव 'श्री लक्ष्मीदेवी'. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव लिवायला जागा हुती, तितं आमच्या पंचांनी दोन तास भांडान करून 'विष्णू' लिवलं. वय, सज्ञान. धंदा, देवी.

मग देवीला गाडी दिली म्हनून सांगितलं तवा ती उतरली.

तर इकायला मी कोन? पंचास्नी इचारून कळवतो. दोडकी मालुबाईनं, म्हंजे माझ्या बायकोनं, काढली.

तुमचा,
भरमू

---

बेळगाव
२२ नोव्हेंबर

श्री. भरमू गावडे यांस,

पत्र पोचलं. आनंद झाला, कारण तुमची अडचण कायद्याच्या दृष्टीने अडचणच नाही. देवाच्या नावावर मालमत्ता असू शकते. मात्र कायदा देवाला कायम अल्पवयीन धरतो, तेव्हा वय 'सज्ञान' लिहिलं ही पहिली चूक. देवीच्या वतीने पंचांनी सही करायची, ठरावात 'देवीच्या हितासाठी' एवढे शब्द घालायचे. असे तीन दस्त मी स्वतः केले आहेत. एका दाव्यात तर देव वादी होता आणि जिंकला.

मसुदा सोबत जोडला आहे. त्याआधी काही माहिती हवी:

गाडीचं मागचं आसन दुमडून सपाट होतं का? झाल्यास लांबी किती? पाच फूट दोन इंच तरी हवी. मागच्या दारातून आडव्या माणसाला न वाकवता आत सरकवता येईल का? आत आडवं असताना काचेतून बाहेरचं नीट दिसतं का? कोणीतरी प्रत्यक्ष झोपून पाहावं. गचके कमी बसावेत म्हणून खाली गादी अंथरली तर वर किती जागा उरते?

आणि इंजिन चालू स्थितीत आहे का?

शरच्चंद्र चव्हाण

---

शिरंगाळी
३ डिसेंबर

वकीलसाब,

तुमचं पत्र देवळात पंचांच्या म्होरं वाचलं. वाचायला नको हुतं.

देवी ल्हान पोर हाय म्हनल्यावर पुजारी उठून उभा ऱ्हायला. 'पंचवीस वर्सं साऱ्या गावाला दम देती, ती पोर व्हय?' त्येला बसवला. मग म्होरलं वाचलं. पाच फूट दोन इंच. आडवं मानूस. मागच्या दारातनं सरकवायचं. मग मारुतीराव पंच म्हनले, 'भरम्या, ह्यो वकील मढी न्यायचा धंदा काढालाय.'

साब, रागावू नका, पर देवी बसल्याल्या गाडीत मढं? ठराव झाला, न्हाय म्हंजे न्हाय.

मी तुमची बाजू घेतली. म्हनलं, मढ्याला बाहिरचं बगायला काच कशाला लागती? त्यावर मारुतीराव म्हनले, 'बेळगावातली मढी हाईत, त्येंचं काय सांगावं.'

तरी तुमी इचारलंय म्हनून मालुबाईनं आत झोपून बगितलं. ती पाच फूट एक हाय. पाय लांब करून वर चार बोटं उरली. म्हनली, झाडं उलटी पळत्यात आसं वाटलं. गाडी तर जाग्यावरच हुती. लई येळ आतच झोपली. शेवटी हाक मारून उठवली.

इंजिनाची काळजी करू नका. लई चांगलं हाय. रोज सकाळी आठ ते बारा चालतंय. दिवाळीला तर दोन पाळ्या.

भरमू

---

बेळगाव
९ डिसेंबर

भरमू यांस,

मढं नाही. माझी बायको आहे. जिवंत आहे.

मी तुम्हाला खोटं लिहिलं. मला जुन्या वस्तूंचा नाद नाही. माझ्या घरात जुनं असं मीच आहे. गरज कळली की लोक अडून बसतात, हे अडतीस वर्षं बघितलंय, म्हणून लपवलं.

लतिकाने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दर जूनमध्ये फळ्यावर निळ्या खडूने मलप्रभा काढायची. कणकुंबीला ठिपका, तिथून पूर्वेला रेघ. घरापासून कणकुंबी दीड तास. तिने तो उगम पाहिलेला नाही. दर वर्षी जाऊ म्हणायची आणि दर वर्षी माझी कुठल्यातरी केसची तारीख असायची. मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी तिचा मणका गेला. दहा मिनिटांवर बसता येत नाही. फक्त आडवं राहायचं. तीन वर्षं ती आमच्या झोपायच्या खोलीचं छत बघते आहे. छताचाही नकाशा झालाय तिचा. ओल आलेल्या डागांना नावं दिली आहेत.

मागच्या वर्षी अॅम्ब्युलन्स बोलावली. काचा दुधी. बाहेरचं काही दिसेना. चालकाला सायरन नको म्हणून बजावलं होतं, पण सवयीने त्याचा हात गेला. पुढच्या गाड्या भराभर बाजूला झाल्या. एका बाईने रस्त्यावर उभं राहून नमस्कार केला. लतिका म्हणाली, 'माझ्या सहलीला लोक घाबरतायत रे, परत चल.' तिसऱ्या रेल्वे गेटवरून परत आलो.

आजकालच्या मोठ्या गाड्या पाहिल्या. झोपता येतं, पण खिडक्या इतक्या वर की झोपलेल्या माणसाला फक्त आभाळ. तुमच्या गाडीच्या काचा खाली, अंथरुणाच्या पातळीवर येतात. म्हणून ही गाडी. तिला यातलं काही माहीत नाही. आधी सांगून मग तारीख पडली, असं पुन्हा व्हायला नको.

इंजिन रोज चालू ठेवता हे वाचून तुमच्याबद्दल आदर वाटला. इतकी काळजी कोण घेतं! येत्या रविवारी खानापूरच्या नागेंद्र मेस्त्रींना घेऊन येतो.

शरच्चंद्र

---

बेळगाव
१६ डिसेंबर

भरमू,

काल मेस्त्रींनी बॉनेट उघडलं तेव्हा तुम्ही कुठे गेला होतात ते मला माहीत आहे. गिरणीच्या दाराआडून तुमचं धोतर दिसत होतं.

आत इंजिन नव्हतं. कोंबडी होती. अकरा अंडी होती. नागेंद्र मेस्त्रींनी एक उचलून कानाशी धरलं आणि मला म्हणाले, 'साहेब, ही गाडी तीन आठवड्यांत सुरू होईल.'

घरी लतिकाने विचारलं, 'चेहरा असा का, केस हरलास?' हो म्हटलं.

तुम्ही लेखी कळवलं होतंत की इंजिन रोज चालतं. ते पत्र माझ्याकडे आहे.

श. चव्हाण

---

शिरंगाळी
२ जानेवारी २०२५

वकीलसाब,

मी खोटं कुटं लिवलं? रोजच चालतंय. गिरनीत चालतंय.

गिरनीचं इंजिन पंधरा वर्सामागं बसलं. तीन गावांचं दळान बंद. बाया डोक्यावर डबं घिऊन जांबोटीपतोर जायाच्या. तवा देवीला इचारलं, तुझं इंजिन बसूनच हाय, गिरनीला लावू का? उजवं फूल. तवापासनं चालतंय. तुमी आलता तवा तुमच्या कानाला ऐकू आलं नसंल का? ते धाडधाड चाललं हुतं, तेच की. तुमी ते काढून न्याल ह्या भ्यानं मी लपलो. धोतर ऱ्हायलं भाईर.

आता म्होरलं ऐका. तुमचं बायकोचं पत्र मी मालुबाईला वाचून दाखिवलं. ती तव्यावरची भाकरी इसरली. करपून कोळसा. म्हनली, 'तीन वर्सं छत बगालीया आनि तुमी पंच मढं म्हनताय? थू तुमच्या ठरावावर!' तशीच पीठभरल्या हातानं देवळात गेली. बाई पंचांच्या म्होरं बोलल्याली गावात पैली येळ. मारुतीरावांनी दोनदा घसा खाकरला आनि कौल लावाय सांगितलं.

मग कौल लावला. गाडी इकू का? डावं. भाड्यानं देऊ का? डावं. वकिलाला तशीच देऊ का? फूल हाललं बी न्हाय. मग मालुबाई मागनं म्हनली, 'आई, तुज्यासंगं बसवशील का तिला?' पुजाऱ्यानं अजून पुरतं फूल लावलं बी नव्हतं, उजवं पडलं.

यात्रा यंदाच हाय. बावीस एप्रिलपासनं. देवी गाडीतनं कणकुंबीला जाती, उगमावर आंगोळ करती. आनि यात्रेचं पंधरा दीस दळान-कांडान बंद असतंय. जात्याला बी हात लावायचा न्हाय. म्हंजे गिरन बंद. म्हंजे इंजिन मोकळं! नागेंद्र मेस्त्री म्हनतोय, दोन दिसात बसवतो.

एकच हाय. देवीसंगं गाडीत, हाकनारा सोडून, गावच्या लेकीबिगर कुनी बसत न्हाय. भाईरची बाई चालत न्हाय. तर मालुबाईनं ठरिवलंय, लतिकाक्काची वटी भरायची. म्हंजे ती शिरंगाळीची लेक. मी भाऊ. मुराळी हून मी सोता गाडी घिऊन बेळगावला न्यायला येतो.

म्हंजे तुमी आता आमचं दाजी. तर दाजी, पत्रातलं 'लेखी कळवलं होतंत' बिळवलं होतंत ते आता चालायचं न्हाय.

भरमू

---

बेळगाव
१४ फेब्रुवारी

भरमू,

महिनाभर उत्तराचे मसुदे फाडत होतो. कोंबडीच्या बाबतीत तावात लिहिलं, ते मागे घेतो.

पण काही हरकती आहेत. एक तर गाडीचा विमा नाही. रस्त्यावर आणण्याचा परवाना पंधरा वर्षांपूर्वी संपला आहे. पोलिसांनी अडवलं तर तुम्ही काय सांगणार? ब्रेकचं काय? आणि पतीने कुठे बसायचं, याचा ठरावात उल्लेख नाही. शिवाय माणूस असा अचानक कोणाची लेक कसा होतो, याला कायद्यात दत्तकविधान आहे, त्यात वयाची अट आहे. लतिका एकोणसत्तर वर्षांची आहे.

गाडी मी रीतसर विकत घ्यावी हेच मला अजून योग्य वाटतं. ती इथे दारात उभी राहील. लतिकाला हवं तेव्हा जाता येईल. नवं इंजिन मी घालीन.

लतिकाला अजून काही बोललो नाही.

शरच्चंद्र

---

बेळगाव
१६ फेब्रुवारी

प्रिय भरमूअण्णा आणि मालुबाई,

वरचं पत्र टाकायला ह्यांनी शिपायाकडे दिलं, आणि शिपायाने 'बाई, साहेबांचा हा गठ्ठा वकिलांच्या खोलीत राहिला होता' म्हणून सगळीच पत्रं माझ्या उशाशी आणून ठेवली. मी दोन दिवस वाचते आहे. तीन वर्षांत इतकी हसले नव्हते. पाठीला बरं नाही ते, पण हसले.

ह्यांच्या हरकती फेटाळल्या आहेत.

मी पाच फूट दोन आहे. मालुबाई पाच फूट एक, वर चार बोटं उरली. म्हणजे मी मावते. हा हिशेब ह्यांनी केलाच नव्हता.

तुमची लेक,
लतिका

ता. क. हे जिथे बसायचं तिथे बसतील.

---

बेळगाव
१ मे

प्रिय लतिका,

हे पत्र कंडक्टरच्या हाती देतो आहे. तुझ्या गोळ्या, दोन उश्या आणि चष्म्याचं घर सोबत आहे.

घरी पोचलो. बसने. जांबोटीपर्यंत उभा होतो. शेजारी एक म्हातारी होती, तिने विचारलं, 'यात्रेला गेलतासा? मग मंडळी कुटं?' मी म्हटलं, मंडळी उतरल्या नाहीत. ती म्हणाली, 'अगंबाई,' आणि हात जोडले.

तू गाडीत मागे होतीस, तुला पुढचं दिसलं नसेल, म्हणून लिहितो. भरमू तुला न्यायला आला त्या सकाळी पुढच्या सीटवर देवी होती, नऊवारी नेसलेली, पट्टा लावून. मी विचारलं, हिला कशाला आणलं? तो म्हणाला, 'दाजी, मालक नगं का गाडीत?' नाक्यावर पोलिसाने हात केला. खिशात चार कलमं तयार होती. पोलिसाने वाकून आत पाहिलं, मालकिणीकडे बघून टोपी काढली, आणि मागे तू काचेतून त्याला हात हलवलास. त्याने तुलाही नमस्कार केला. मी तुमच्या मागून भाड्याच्या मोठ्या गाडीत येत होतो. मला मात्र थांबवून कागद मागितले.

उगमावर तुला मागचं दार वर करून ठेवलं होतं. मी जवळ आलो नाही. तू बराच वेळ पाण्याकडे बघत होतीस. मग मालुबाईला काहीतरी म्हणालीस. काय म्हणालीस?

संध्याकाळी गाडी फणसाखाली आली. देवी पहिल्याच कौलाला उतरली. मी तुला म्हटलं, चल, भाड्याची गाडी थांबली आहे. तू म्हणालीस, नको. दुसऱ्यांदा म्हटलं. नको. तिसऱ्यांदाही नको, आणि तोवर भाड्याची गाडीही कंटाळून निघून गेली. मी पुजाऱ्याकडे पाहिलं तर तो मान हलवून म्हणाला, 'साहेब, तीन डाव झाले. आता बस गाठा.'

मी गाठली.

घर मोठं वाटतंय. छतावरच्या डागांची नावं मला माहीत नाहीत. गाडीबद्दल पुन्हा एकदा मारुतीरावांशी बोलून पाहतो. या वेळी ते नरम वाटले.

तुझा,
शरद

---

शिरंगाळी
५ मे २०२५

प्रिय शरद,

मारुतीरावांशी बोलू नकोस. ते नरम झालेत ते खरं, पण मी झालेले नाही.

उगमावर मी काय म्हणाले ते विचारलंस. तीस वर्षं मी फळ्यावर ठिपका काढत आले, तो चुकीच्या जागी नव्हता, फक्त मोठा काढत होते. एवढ्याशा कुंडात पाणी बुडबुडत होतं, आपल्या देवघरातल्या ताम्हणाएवढं. हे पाणी पार पूर्वेच्या समुद्राला जातं, असं मी हजार पोरांना सांगितलं आणि त्यांनी मान्य केलं. मालुबाईला म्हणाले, 'मला आत्ता कोणी सांगितलं असतं तर मी मान्य केलं नसतं.' तिने पदराने माझा चेहरा पुसला. तिला वाटलं पाणी उडालंय.

इथे मी गाडीतच असते. मागचं दार वर केलं की पडवी होते. सकाळी गुरं काचेला नाक लावून जातात. बाया येता-जाता बसतात, कोणाच्या सुनेचं काय चाललंय ते कळतं. पोरांना कंडक्टरने आणलेल्या जुन्या नकाशावर नद्या शिकवते. ती उभी, मी आडवी. घरी माझ्या खोलीत लोक भेटायला यायचे ते घड्याळ बघत यायचे. इथे मी लोकांच्या वाटेत आहे. तू ती गाडी विकत घेऊन दारात लावलीस तर मी पुन्हा खोलीत असेन आणि गाडी दारात. आम्ही दोघी वाट बघू.

उद्या यात्रा संपते. परवा गिरणी सुरू, म्हणून नागेंद्र मेस्त्री आज इंजिन काढून नेत आहेत. म्हणजे गाडी आता हलणार नाही. लेकीला सासरी पोचवायला गिरणी दोन दिवस बंद ठेवता येते, अशी वाट आहे, पण त्याला तिन्ही गावांचा ठराव लागतो. मारुतीराव करू म्हणाले. मालुबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी विषय पावसाकडे नेला. नाहीतर मग पुढची यात्रा, पंचवीस वर्षांनी. मी चौऱ्याण्णव वर्षांची असेन. भरमूअण्णाला म्हटलं, चालेल.

तू रविवारी ये. मंगळवारी ये, कधीही ये. आता तारखा नाहीत तुला. बसायला जागा विचारली होतीस ना? ड्रायव्हरची सीट मोकळी आहे. मी पोरांकडून पुसून घेतली आहे. तू स्टिअरिंग धरून बस, मी मागून कुठे जायचं ते सांगत जाईन. काल मालुबाईला असंच गोकाकपर्यंत नेलं.

येताना निळे खडू आण. बॉनेट मात्र उघडू नकोस. इंजिन काढून अजून तासही झाला नाही, आणि कोंबडी आत जाऊन बसली आहे.

लतिका